जमनामावशीची चोरी

बेंगळुरूत जुन्या राजवाड्यांवरची मालिका निघाली की सकवारबाईंना बोलावणं ठरलेलं. साठी उलटली तरी त्यांनी नट्यांना नेसवलेलं नऊवारी लुगडं ढळत नसे. त्यांनी खोचलेला काष्टा नटी घोड्यावर चढली तरी सुटायचा नाही.

यंदाची कानडी मालिका दोन जहागीरदार-कन्यांची होती. थोरली सोशीक, धाकटी हट्टी. धाकटी गाण्याच्या मास्तरांबरोबर निघून जाते आणि घराण्याची अब्रू वेशीवर टांगली जाते. ही गोष्ट सकवारबाईंच्याच तोंडून गेली होती. मागच्या मालिकेच्या वेळी जेवणाच्या सुट्टीत लेखिका निवेदितानं सहज विचारलं, "आंटी, आपल्या जुन्या मराठी घरांत असं काही घडलंय का?" आणि जन्मात कुणाला न सांगितलेलं त्या सांगून बसल्या.

जमनामावशी म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण, कोलारकडच्या जहागीरदाराची लेक. विसाव्या वर्षी ती अंगावरच्या लुगड्यानिशी घराबाहेर पडली आणि घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मास्तर लवकर वारले. मग जयनगरात एका खोलीत ब्लाउज शिवून तिनं दिवस काढले. आई शिवणक्लासचं निमित्त करून सकवारला तिच्याकडे धाडायची, स्वतः मात्र कधी गेली नाही. सुई धरण्यापासून निऱ्या काढण्यापर्यंत सकवारला जे येत होतं ते मावशीचं. सकवारची थोरली बहीण अनुसूयाअक्का तेव्हा सासरी नांदत होती, तिनं मावशीला पाहिलंसुद्धा नाही. मावशी मास्तरांबरोबर गेली एवढंच तिला ठाऊक होतं, आणि आईनं बजावलं होतं, हे नाव बाहेर काढायचं नाही. अक्कानं ते आजवर पाळलं होतं.

आणि एके सकाळी धाकटीचं काम करणारी मनस्विनी लुगडं नेसता नेसता म्हणाली, "आंटी, पदर जरा घट्ट हं. आज मी थोरलीचे दागिने चोरून पळणार आहे."

सकवारबाईंनी पदर अर्धाच सोडला. त्या तडक निवेदिताकडे गेल्या.

"मावशीनं काही नेलं नव्हतं गं. फुटका मणीसुद्धा नाही."

"आंटी, नुसतं पळून जाणं आता कोण बघतंय? चोरी झाली की थोरलीचं लग्न मोडतं, गोष्ट पुढे चालते. आणि माणसांची नावं बदललीत सगळी. तुमची मावशी म्हणून कोण ओळखणार?"

"मी ओळखते ना."

निवेदिता ओशाळली. "वरूनच ठरून आलंय. माझ्याही हातात नाही."

सकवारबाई परत आल्या. त्या उठून गेल्या असत्या तर दुसरी कुणी बाई येऊन नेसवून गेली असती. त्यांनी पदर लावला. तीनदा चुकला, चौथ्यांदा बसला. मग दागिन्यांची पुरचुंडी मनस्विनीच्या कमरेला त्यांनाच बांधावी लागली.

रविवारी त्या राजाजीनगरला अक्काकडे गेल्या, तेव्हा टीव्हीवर तोच भाग चालू होता. शेजारची चंदनाही येऊन बसली होती.

"कळ्ळी," चंदना म्हणाली. "चोरटी मेली. सख्ख्या बहिणीला लुटलं."

तिनं काही नेलं नव्हतं, हे सकवारबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण बोलायचं म्हणजे ती कोण हेही सांगावं लागणार, आणि अक्कानं इतकी वर्षं झाकून ठेवलेलं शेजारणीसमोर उघडं पडणार. अक्का उठली आणि कॉफी करायला आत गेली. सकवारबाई तिच्या मागून गेल्या.

"कोलार, मास्तर," अक्का दुधावरची नजर न काढता म्हणाली. "तूच सांगितलंस ना?"

"हो अक्का. चुकलं माझं."

अक्का रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं, "दागिने नेले म्हणून आई कधी भेटायला गेली नाही होय? मला वाटायचं, आईच कठोर."

"नाही गं अक्का. एका लुगड्यावर गेली ती. चोरी त्यांनी घुसडली."

"तुला कोणी सांगितलं, एका लुगड्यावर गेली म्हणून?"

"मावशीनंच."

"ती तसंच सांगणार," अक्का म्हणाली.

खरं काय ते सांगायला आता मावशी नव्हती, आई नव्हती, मास्तर नव्हते, कोलारकडचं कुणी उरलं नव्हतं. अक्कानं तीन पेले भरले, एक सकवारबाईंच्या हातात दिला, आणि बाहेरून चंदनानं हाक मारली की जाहिराती संपल्या.