शालिकच्या बापाचा अर्ध्याचा पाना

हे मी कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, पोराले नाही. देवापुढंही नाही — तिथं हात जोडून उभा राहिलो आणि दुसरंच काही मागून आलो. आज लिहायले बसलो तर हात अडून राहिला. शाळा तिसरीपर्यंत, अक्षर वाकडं. वाचून घ्या जी.

मी मिस्त्री, जुन्या गाड्यांचा. नागपुरात आजही कोणाची जुनी इंग्रजी मोटार अडली की माझंच नाव निघते, आणि ते मले आवडते, खोटं काहून बोलू? शौकीन लोक येतात, विचारतात, इंचाचे पाने कोणते घेऊ? मी सांगतो. चमक पाहू नका. नटावर चढवा आणि हलवून पाहा, खेळत असला तर परत ठेवा. जबडा पातळ पाहिजे, पण जोर लावल्यावर फाकायले नको. मिलिमीटरचा तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर चढते, पण कोपरे खाते, आणि जुन्या गाडीचा नट एकदा गोल झाला की दुसरा कुठून आणाल? सगळ्यात आधी हे पाहा म्हणतो, की गाडी अमेरिकन आहे का इंग्रजी. दोघांचा इंच एकच, पण पान्यावर लिहायची रीत वेगळी.

इथं मी बोलणं तोडतो आणि हातातला पाना पुसायले घेतो. त्यांच्या ध्यानात येत नाही.

पहा — शालिकचं सांगायचं आहे आणि मी पाने सांगून राहिलो.

शालिक कन्हानचा. त्याचा बाप सखाराम तिथल्या कोळशाच्या खाणीत फिटर होता, सारी हयात इंग्रजी मशिनींवर गेली. मेला तेव्हा मागं ना वावर ना घर. कॅनव्हासच्या गुंडाळीत बांधलेले इंचाचे पाने तेवढे पोराले देऊन गेला. शालिक आणि मी सदरच्या मागच्या गल्लीत एका शेठच्या गॅरेजात सोबतच लागलो. एका डब्यात जेवलो. दसऱ्याले हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा तो ती गुंडाळी सगळ्यांच्या पुढं मांडे. पहिलं कुंकू बापाच्या पान्यांले, मग जॅकले, मग वेल्डिंगच्या मशीनले. मी चिडवायचो, तुझा बाप फिटर होता का भटजी? तो हसे. चिडणारा नव्हताच.

शेठले जुन्या गाड्यांचा नाद. लढाईच्या काळातली अमेरिकन जीप तर होतीच, मग त्यानं एक इंग्रजी विमान घेतलं — दोन माणसांचं, लहानसं. पंख काढून ट्रकवर येणार होतं. त्याच्यासाठी वेगळी शेड, आणि त्या शेडीचा हेडमिस्त्री आमच्या दोघांपैकी एक. विमानाचा मिस्त्री! माझ्या गावात कोणी बैलगाडीच्या वर गेलं नव्हतं जी. मी झोपेतही तेच म्हणून राहिलो होतो.

विमान यायच्या आधी चांगले इंचाचे पाने पाहिजेत, म्हणून शेठ निवडायले बसला; ज्याचे पाने खरे, शेड त्याची. शालिकनं आपली गुंडाळी टेबलावर सोडली. शेठनं एक पाना उचलला, तोलला, पुन्हा तोलला. त्याच्या तोंडाकडं पाहूनच मले समजलं — गेलं विमान आपल्या हातचं.

मी पुढं झालो. अर्धा इंच लिहिलेला पाना घेतला आणि जीपच्या अर्ध्या इंचाच्या नटावर लावला. नुसताच गरगर फिरला. पट्टी घेतली. अर्धा इंच म्हणजे चार सूत, एवढं तर मले येत होतं. पान्याचं तोंड भरलं साडेसहा सूत. नंबर खोटा तर पाना खोटा, मी सगळ्यांसमोर म्हटलं, नक्कल करणाऱ्याले आकडाही धड मारता आला नाही. आणि वर म्हटलं — कोण्या भंगारवाल्यानं गंडवलं गा तुझ्या बापाले?

सगळे हसले. शालिक म्हणाला, याच पान्यांनी माझ्या बापानं खाण चालवली.

"म्हणूनच तर बंद पडली," मी म्हटलं.

शेठही हसला. शालिकनं पाने एकेक करून गुंडाळीत घातले. बापानं त्याले हातानं शिकवलं होतं, आकड्यांनी नाही. संध्याकाळी त्यानं गुंडाळी भंगाराच्या ड्रममध्ये टाकली आणि सायकल काढली. तो गेल्यावर मी ड्रममध्ये हात घातला, तो अर्ध्याचा पाना काढला आणि आपल्या कपाटात ठेवला. खोटा होता तर उचलला काहून? हातात कसा बसते ते आधीच समजलं होतं का मले? माहीत नाही. माहीत नाही म्हणणं सोपं आहे.

त्या दसऱ्याले शालिक पूजेत सगळ्यांच्या मागं उभा होता, रिकाम्या हातानं. प्रसादाच्या आधीच निघून गेला. पुढं गॅरेजही सोडलं, रामटेकच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं.

विमान आलं. हेडमिस्त्री मीच. इंजिन ज्याच्यावर बसते ते मोठे बोल्ट खोलायचे होते, आणि शेठनं घेतलेल्या नव्या सेटातला एकही पाना बसेना. एक ढिला, दुसरा चढेचना. शेवटी कपाटातला तो पाना काढला. असा बसला जी — केसाएवढाही खेळ नाही. बोल्ट निघाला. मी त्याची दांडी मोजली. चार सूत. अर्धा इंच.

मी पाना उलटा करून त्याच्यावरचा आकडा पुन्हा वाचला. अमेरिकावाला नटाचं माप पान्यावर लिहिते. इंग्रज बोल्टाची जाडी लिहीत होता. नंबर खरा होता. पाना खरा होता. सखारामही खराच होता.

शेडीत कोणी नव्हतं. काय कठीण होतं? रामटेक काय विलायतेत आहे? स्कूटर काढायची, जायचं, सांगायचं. पण मग विमानाचा मिस्त्री कोण राहिला असता? शेठनं विचारलं, पाना कुठून आणला? मी म्हटलं, बाजार पालथा घातला तेव्हा मिळाला. त्यानं पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

इथवर ठीक होतं — म्हणजे ठीक नव्हतं, पण पुढचं त्याच्याहून वाईट आहे.

खूप वर्षांनी बायकोले घेऊन रामटेकले गडावर गेलो होतो. उतरताना शालिकनं पाहिलं, आवाज दिला. डोक्याचे केस पांढरे झाले होते, हसू तसंच. चहा मागवला. बायको प्रसादाच्या दुकानात होती. शालिक म्हणाला, नातू झाला गा मले. घरचे म्हणून राहिले, पणजोबाचं नाव देऊ, सखाराम. मी अडवून धरलं आहे. मग ग्लास खाली ठेवला.

"तू विमानं खोललेला माणूस. खरं सांग, ते पाने खोटेच होते ना? बाप माझ्याशी खोटं बोलला असं जीव मानत नाही."

त्यानं मले विचारलं. दुसऱ्या कोणाले नाही, मले. पाना माझ्या घरी पेटीत होता. एक शब्द लागत होता जी, एक.

"खोटेच होते," मी म्हटलं.

त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, चाल, विचारलं ते बरं झालं. चहाचे पैसे मले देऊ दिले नाही.

काहून बोललो तसं? तेव्हा तर ना शेठ राहिला होता ना विमान. कोणी काही हिसकून घेणार नव्हतं. खरं बोललो असतो तर फक्त मी खोटा निघालो असतो. तेवढंही सोसवलं नाही.

मागच्या हिवाळ्यात शालिक गेला. मी मातीले गेलो होतो. गर्दीत कोणीतरी त्याच्या नातवाले हाक मारली, आणि मी कान टवकारले — का, ते मले माहीत आहे. नाव दुसरंच होतं. चांगलं नाव आहे. आजकालचं.

पाना माझ्या पेटीत आहे. अजून कुठं घसरत नाही. दसऱ्याले त्याले पहिलं कुंकू मी लावतो. घरच्यांले वाटते, माझ्या उस्तादाचा असेल.