तारीख पुढची

"तारीख पुढची टाक, बे!" आप्पा माझ्या सायबर कॅफेत शिरायचे ते हेच म्हणत. हातात पुड्या बांधायचे कागद, त्यांवर खरडलेला मजकूर. पाटोद्यात त्यांचं किराणा दुकान माझ्या शेजारीच. ब्लॉगचं वेड तेव्हा नवंनवं होतं, आणि ते लागावं कुणाला, तर गूळ तोलणाऱ्या माणसाला! खरी वाचक एकच, पुण्याला दिलेली लेक. दर सोमवारी ती आप्पांचं पान उघडायची.

त्यांचं लिखाण मी टाइप करून माझ्याच साइटवर टाकायचो. साइट साधी. पानं आधी तयार करून वर चढवायची. पुढची तारीख टाकली की लेख लपून राहायचा. पण तो दिवस उजाडल्यावर कुणीतरी बटण दाबून पानं नव्यानं बनवल्याशिवाय बाहेर यायचा नाही. आप्पांना हे पटायचं नाही.

"तारीख कळती अन् उठता येत न्हाई? लई आळशी हाय बे तुझा कॉम्प्युटर!"

एका आषाढात ते कागदांचा गठ्ठाच घेऊन आले. "औरंगाबादला चाललोय. काळजाचं ऑपरेशन हाय. पोरीला सातवा महिना लागलाय, तिला कळू द्यायचं न्हाई. दर सोमवारी एक सोड. तिला वाटंल, बाप दुकानात बसलाय."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

पहिले सोमवार बिनबोभाट गेले. तिकडं ऑपरेशन पुढं ढकललं जात होतं. अन् एका सोमवारी लेकीचा फोन.

"दादा, आप्पा कुठं हायत?"

"दुकानात," मी ठोकून दिलं.

"आज श्रावणी सोमवार. अन् आप्पा लिहितात, आत्ताच गरम भजी खाल्ली! जन्मात उपास मोडला न्हाई त्यांनी. खरं सांगा."

आषाढात लिहिताना आप्पांना श्रावणाचं भानच राहिलं नव्हतं. मी सगळं ओकून टाकलं.

तिनं दवाखान्यात फोन लावून बापाला यथेच्छ झापलं. लगेच आप्पांचा मला फोन, "भजी काढ, बे! भगर घाल तिथं. म्हादेव बी वाचत असंल!" हसताना त्यांना धाप लागत होती.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आप्पा परत आले नाहीत.

उरलेल्या लेखांचं काय करू, मी लेकीला विचारलं. "त्या त्या सोमवारी येऊ द्या," ती म्हणाली, "एकदम नको." तसे सोडत गेलो.

शेवटचा मात्र अडला. घरी परतल्यावरच्या सोमवारसाठी आप्पांनी तो लिहून ठेवला होता: "पोरी, आता खरं सांगतो. ऑपरेशनला गेलतो. रागावू नगं. आज दुकान उघडलंय. तुझा बाप ठणठणीत हाय."

तो काही माझ्याच्यानं सुटत नाही. सोमवार आला की मी तारीख पुढची टाकतो.