निंबाची फांदी

गुढीला बांधलेल्या निंबाच्या डहाळीचा कडवट वास आला की मला रावेरजवळच्या आमच्या मळ्यातली ती दुपार आठवते. माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. चहूकडे नुसती केळी, त्यामुळे विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात खोल जाई आणि मोटारही खाली न्यावी लागे. त्यासाठी धाकटे दीर विहिरीत उतरले आणि तळाच्या कोंडलेल्या हवेत कोसळले. हे मागोमाग उतरायला निघाले, तशी सासूबाईंनी यांचा हात घट्ट धरला. “तू नको जाऊ! आधी हवा खेळू दे. निंबाची फांदी आना रे कोनी!” पाल्यानं भरलेली फांदी दोराला बांधून खालीवर केली की विहिरीतली हवा मोकळी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सावलीत केळी पोसत नाही म्हणून बांधावरचे निंब आम्ही आदल्याच वर्षी तोडले होते. गड्यांनी केळीची पानं सोडली, ती दगडांवर आपटून चिंध्या होऊन वर आली. एकजण सायकलवर गावातल्या मारुतीच्या पारावरच्या निंबाकडे सुटला. आम्ही काठावरून हाका मारत राहिलो, खालून ओ येत नव्हती. फांदी आली, हवा खेळली, दिरांना वर काढलं, पण तोवर सगळं संपलं होतं. संध्याकाळी स्मशानातून परतलेल्यांनी दारात त्याच फांदीचा पाला चघळला. परवा मी विहिरीजवळ निंबाचं रोप लावलं. मुलानं ते उपटून बांधावर टाकलं आणि म्हणाला, “आई, सावलीत केळी पोसत नाही.”