आमच्या भिंतीची नीळ

भिंतीच्या रंगावरून माणसाची जात काढणारे लोक मी पाहिलेत. परके नव्हते ते. आमचेच भाऊबंद होते, आमच्याच ओट्यावर बसून आमचाच चहा पीत होते. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं सणकतं.

आमचं गाव बोरीच्या पलीकडं. घराची रस्त्याकडची भिंत निळी, खाली हातभर काव, दाराच्या चौकटीभोवती पिवडीचा पट्टा. पणजोबानं घर बांधलं तेव्हाचे हे रंग, म्हणजे निजामाच्या राज्यातले. तेव्हा डब्यातला रंग कुणी पाहिला होता? चुन्याची कळी विरवायची, त्यात नीळ, लाल काव नाहीतर पिवळी पिवडी कालवायची, अंगाला लागू नये म्हणून डिंक घालायचा, झाला रंग. गावातली निम्मी जुनी घरं अशीच होती.

दरवर्षी दसऱ्याच्या आधी ही भिंत माय रंगवायची. छज्ज्याखालचा वीतभर पट्टा मात्र ती कधीच रंगवायची नाही. तिथं पाऊस पोचत नव्हता, म्हणून तिथं पणजोबाच्या हातचाच रंग राहिला होता. माय कालवलेला रंग खापरावर फासायची, उन्हात वाळवायची आणि ते खापर त्या पट्ट्याला लावून बघायची. फिकं वाटलं की आणखी चिमूटभर नीळ. सगळी दुपार यातच जायची. दादा, म्हणजे माझे वडील, चिडवायचे, एवढं निरखून तर सोयरिकीला पोरगी बी बघत न्हाईत. पण पाहुणा आला की तेच मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आज्याच्या वेळचा रंग हाय.

चुना घोटायला बौद्धवाड्यातली एक बाई यायची, मायच्याच वयाची. दोघी सकाळपासून बोलत बोलत घोटायच्या. माय तिला तिच्या लेकीच्या बाळंतपणापर्यंत सगळं विचारायची, आणि चहा मात्र वेगळ्या कपात, बाहेरच्या बाहेर. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर माझ्या रागाला काही अर्थ नाही.

मग नामांतराचं पेटलं. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि मराठवाडाभर माणसं माणसांची घरं जाळायला निघाली. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण नजरा बदलल्या. निळ्या झेंड्याचा राग गावानं निळ्या रंगावर काढला. दसऱ्याच्या तोंडावर भावकीतले तिघं आले. लोक विचारायलेत म्हणे, तुमी त्यांच्या बाजूचे झालात का. भिंत लाल करून टाका, एवढंच सांगायला आलो. आणि हे सांगायला बसले होते कसे? नीळ दिलेली पांढरीशुभ्र धोतरं नेसून! निळीतून काढलेलं धोतर नेसायचं आणि निळीलाच नावं ठेवायची. काही लोकांना लाज नावाची चीजच नसते.

दादा त्यांना ठणकावतील असं मला वाटलं. एरवी चार माणसांत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. पण ते नुसती मान हलवत राहिले. तिघं गेल्यावर मायला समजावत बसले, पोरीचं, म्हणजे माझं, लग्न व्हायचंय, भावकीत राहायचंय.

माय म्हणाली, "मी न्हाई लावणार काव. आज्जा तुमचा, भिंत तुमची. लावायची तर तुमीच लावा."

दादांनी लावली. छज्ज्याखालचा पट्टासुद्धा सोडला नाही. चुना घोटणारी बाई नेमकी त्याच सकाळी आली. औंदा काम न्हाई, असं दादांनी तिला भिंतीवरून नजर न काढता सांगितलं. ती जराशी उभी राहिली. अर्धी भिंत लाल झाली होती, कुंचा दादांच्या हातात होता, तिला काय ते न सांगता कळलं. ती पुन्हा कधी आमच्या घरी आली नाही, आणि तिला बोलवायला आमच्यातलं कुणी गेलंही नाही.

घाईत दादा डिंक घालायला विसरले होते. दोन दिवसांनी ते तिघं भिंत बघायला आले, खुशीत टेकून बसले, आणि उठले तर तिघांच्याही पाठी लालभडक. मी खदखदून हसले. दादांनी माझ्या मुस्काटात मारली. आयुष्यात तेवढी एकदाच. मारायची कुणाला आणि मारली कुणाला! त्या तिघांपुढं लुळा पडलेला हात माझ्यावर मात्र बरोबर उचलला.

पुढं पंधरा-सोळा वर्षं भिंत लालच राहिली. काव दादाच लावायचे, माय त्या दिवशी शेतात निघून जायची. शेवटी विद्यापीठाचं नाव बदललं, त्या साली दादा परभणीहून येताना निळीची पुडी घेऊन आले. मी माहेरी आले होते. त्यांनी पुडी ओट्यावर मायपुढं ठेवली. आता कुणी काही बोलत नाही, म्हणाले, लावू आपली जुनी नीळ. माय खूश होईल असं मलाही वाटलं.

मायनं पुडीला हात लावला नाही.

"लावा की," ती म्हणाली. "आता लावायला कुठं छाती लागती?"