रूपाताईंच्या घरचं इंग्रजी

रूपाताईंचा मला आधी राग होता, हे कबूल करून टाकते. बिडकीनहून शाळेच्या बसनं येणारी त्यांची लेक संस्कृती आमच्या इंग्रजी शाळेत, माझ्या पहिलीच्या वर्गात आहे. पोरगी जूनपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. हजेरीला मान हलवणार, पाणी संपलं की रिकामी बाटली दाखवणार. इंग्रजी सोडाच, मराठीतही शब्द नाही. आता इंग्रजी न येणारी माझ्या वर्गात ती काय एकटी? छत्तीसातली तीस तशीच. पण बाकीची पोरं मराठीत भांडतात, दखनीत भांडतात, आणि भांडता भांडता इंग्रजीही उचलतात. हिचं तसलं काहीच नाही. मला वाटायचं, आईचं लक्ष नाही, मोबाईल हातात देऊन मोकळी होत असणार.

पालकसभेला रूपाताई शेवटच्या बाकावर पदर घट्ट धरून बसायच्या. काहीही विचारा, "यस मॅडम" एवढंच. आईच अशी, तर पोरगी कुठून बोलणार, असं मी बाकीच्या शिक्षकांसमोर बोलूनही दाखवलं होतं. जीभ माझी लई तिखट आहे, आणि तिला आवर नाही.

नोव्हेंबरात मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. "सोमवारपर्यंत संस्कृतीबद्दल तुमचा शेरा द्या. मुलीत दोष असेल तर तसं लिहा, आपण पालकांना दुसरी शाळा बघायला सांगू."

दोष! कान तपासून झाले होते, डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. मग मी काय लिहू? ही मुलगी इथं चालणार नाही, असं माझ्या सहीनं? सहा वर्षांचं लेकरू ते. दोन दिवस मला जेवण गोड लागेना. शनिवारी दुपारी शाळा सुटली तशी स्कूटी काढली आणि पैठण रोडला लागले. कंपन्यांचे ट्रेलर अंगावरून जात होते आणि माझ्या डोक्यात नाही नाही ते येत होतं. त्या घरात मारझोड होत असेल का? पोरगी कशाला तरी घाबरली असेल का? आणि तसं निघालं, तर मी करणार काय?

घर दोन खोल्यांचं, लख्ख झाडलेलं. संस्कृतीचे पप्पा, बद्रीनाथ, कंपनीत ड्युटीवर होते. मला दारात बघून रूपाताई पांढऱ्याफटक पडल्या. "वेलकम मॅडम. सिट," म्हणाल्या. मी बसले आणि बघतच राहिले. दारावर, माठावर, पिठाच्या डब्यावर, खिडकीच्या गजाला, जिथं तिथं चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्या वस्तूचं इंग्रजी नाव, एकेक अक्षर जपून काढलेलं.

"कम. सिट. ईट," रूपाताई लेकीला म्हणाल्या आणि तिच्यापुढं पोह्यांची ताटली ठेवली. संस्कृती आली, बसली, खाल्लं आणि उठून बाहेर गेली. कुणी काही बोललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता. आई-लेकीच्या घरात अशी शांतता असते होय?

"ताई, घरी तरी बोलते का ही?" मी हळूच विचारलं.

"पहिले लई बोलायची मॅडम," त्या कुजबुजल्या. "अंगणवाडीत होती तवा तोंड मिटत नव्हतं. आता नाय."

"मग झालं काय असं?"

तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. आम्ही दोघी धावलो. संस्कृती ओट्यावरून खाली पडली होती. गुडघा फुटलेला, डोळे डबडबलेले, पण आवाज नाही. रूपाताईंनी तिला उचललं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"नो... नो क्राय. गुड गर्ल."

एवढंच. हात मात्र पोरीच्या अंगभर फिरत होते.

"अहो, विचारा ना तिला कुठं लागलं ते!" मी ओरडलेच.

"ते इंग्रजीत येत नाय मॅडम." रूपाताईंना रडू फुटलं. "मी आठवी शिकले. मोबाईलवर बघून रोज पाच शब्द पाठ करते. पण असं काही झालं की त्यातला एक बी कामाला येत नाय."

"मग मराठीत विचारा!"

"तुम्हीच डायरीत लिहून दिलं होतं ना, जूनमधी? घरी मराठी बंद, इंग्रजीतच बोला म्हणून. आम्ही दोघांनी देवापुढं ठरवलं, पोरीचं नुकसान नाय होऊ द्यायचं. तवापासून तिच्याशी मराठीत बोलले नाय. ती बोलायला लागली की मी डोळे वटारते."

लिहिलं होतं मी. छत्तीस डायऱ्यांत तेच एक वाक्य, चहा पिता पिता, एका तासात. पस्तीस घरांनी ते मनावर घेतलं नाही, थोर उपकार त्यांचे. या एका बाईनं ते खरं मानलं आणि पोटच्या लेकरापुढं पाच महिने मुकी राहिली. आणि तिला मी बेफिकीर म्हणत होते! कुठं फेडणार मी हे?

"ताई, माझं चुकलं," मी म्हणाले. "साफ चुकलं. घरात भरपूर बोलणाऱ्या पोरालाच इंग्रजीही येतं. बोला तिच्याशी मराठीत. आत्ता बोला."

"मागं नाय ना पडणार ती?"

"नाही पडणार. शब्द देते तुम्हाला."

रूपाताईंनी पदरानं डोळे पुसले. मग पोरीला छातीशी धरून म्हणाल्या, "कुठं लागलं गं माझे बाई? दाव मला. लई दुखतंय का?"

संस्कृती दचकली. तिनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि घाबरून आपला तळवा आईच्या तोंडावर दाबला. पाच महिन्यांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"मम्मी, गप ना. मॅडम हायेत."