मेश्रामसाहेबांनी तपासलेली फाईल

बबन मेश्राम लेखापरीक्षण कार्यालयातून निवृत्त झाले, पण त्यांची सही काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. समोर कागद आला की तो वाचायचा, वर कोपऱ्यात 'तपासले, ब. मे.' असं लिहायचं आणि मगच पुढे सरकवायचा, ही सवय भंडाऱ्याहून लखनौला नोकरीवर आले तेव्हापासूनची. निशातगंजच्या घरात दुधाचं बिल तपासून झालं, औषधाची चिठ्ठी झाली, शेजारच्या मुलीची लग्नपत्रिकासुद्धा त्यांनी सोडली नाही. तेव्हा नीलाताईंनी हात टेकले आणि ओळखी काढून नवऱ्याला लखनौजवळच्या मलिहाबादच्या एका आंब्याच्या पेढीवर हिशेब बघायला लावून दिलं.

सकाळी डबा घेऊन बसमध्ये चढताना बबनरावांना पुन्हा माणसात आल्यासारखं वाटे. पेढीचे मालक रिझवान खान फार अदबीचे, आणि धास्ती होती ती त्याच अदबीची. लखनौच्या मुलखात कोणी कोणाला कामावरून काढत नाही, 'अब आप आराम फ़रमाइए' एवढंच म्हणतात. आधीच्या हिशेबनिसाला असाच आराम मिळाला होता, आणि तो बिचारा अजून आरामच करत होता.

ऐन हंगामात खानसाहेबांच्या मनात आलं, की कोणत्या व्यापाऱ्याकडे दशहरी आंबा किती गेला, लंगडा किती, सफेदा किती, हे एकाच पानावर दिसलं पाहिजे. आणि दुपारी व्यापारी जमतील त्याआधी दिसलं पाहिजे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा रिपोर्टच नव्हता. पण लखनौतच वाढलेली, हिंदीच जास्त बोलणारी बबनरावांची लेक प्रिया नोएडाला सॉफ्टवेअरच्याच धंद्यात होती. तिने रिपोर्ट बनवून त्याची फाईल ईमेलने पाठवली आणि सांगितलं, बाबा, फक्त इम्पोर्ट करा, बाकी काही नाही.

बबनरावांनी इम्पोर्ट केली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: फाईल वाचता येत नाही.

प्रियाने फोनवरून चौकशी सुरू केली. सॉफ्टवेअर नवं आहे की जुनं, लॉगिन कोणाच्या नावाने केलंय, त्याच नावाचा दुसरा रिपोर्ट आधीच बसलेला नाही ना. सगळं ठीक निघालं. मग तिने जरा दबकत विचारलं, की तुम्ही फाईलमध्ये काही फेरफार तर केला नाही? बबनरावांना हे फार लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे फेरफार पकडलेला माणूस तो. नाही म्हणाले, आणि ते त्यांना शंभर टक्के खरं वाटत होतं.

तिने फाईल पुन्हा पाठवली. पुन्हा लाल अक्षरं. तिकडे व्यापाऱ्यांच्या गाड्या फाटकातून आत येऊ लागल्या. खानसाहेब डोकावून म्हणाले, "मेश्राम साहब, नहीं हो रहा तो आप तकलीफ़ न कीजिए." तकलीफनंतर आरामच येतो, हे बबनरावांना ठाऊक होतं. घरी बसायचं या कल्पनेनेच हा माणूस घाबरायचा.

अखेर प्रियाने त्यांचा कॉम्प्युटर नोएडातून आपल्या पडद्यावर घेतला आणि म्हणाली, आतापर्यंत करत होता तसंच करा, मी नुसती बघते. बबनरावांनी फाईल उघडली. आत मशीनची गिचमिड, त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी शेवटपर्यंत डोळ्यांखालून घातली. मग वर आले, पहिल्या ओळीच्या डोक्यावर टाईप केलं, 'तपासले, ब. मे.', खाली तारीख घातली आणि फाईल सेव्ह केली.

प्रियाने ती ओळ पडद्यावर मोठी करून पाहिली.

"बाबा, ये क्या लिखा आपने?"

"तपासल्याचं लिहिलं."

"पर ये फाईल मशीन पढ़ती है. ऊपर आपका नाम देखके वहीं अटक जाती है."

"का? माझ्या नावात काय चूक आहे?"

प्रियाने कपाळावर हात मारल्याचा आवाज नोएडाहून मलिहाबादपर्यंत स्पष्ट पोचला. तिने बजावलं, की आता फाईल उघडायचीच नाही, तशीच आत घ्यायची. न तपासता! बबनरावांना अंगात सदरा न घालता चारबाग स्टेशनवर उभं राहिल्यासारखं झालं. पण बाहेर व्यापारी चहा मागत होते. त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

रिपोर्ट झटक्यात आला. दशहरी, लंगडा, सफेदा, सगळं एका पानावर. बबनरावांचा जीव भांड्यात पडला. छापलेलं पान त्यांनी खानसाहेबांच्या हातात दिलं आणि मान खाली घालून उभे राहिले.

खानसाहेबांनी पान वरखाली पाहिलं. उलटून मागची बाजू पाहिली. व्यापारीही माना वाकवून काहीतरी शोधत होते.

"मेश्राम साहब, ये आपने देखा नहीं? आपके निशान के बग़ैर ये लोग मेरा हिसाब मानते कहाँ हैं."

बबनरावांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी चष्मा काढून पुसला. मग खिशातलं पेन काढलं, सगळ्यांना बसायला सांगितलं आणि पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.