यादीबाईची तिसरी फेरी

माझी बायको शाळेत गणित शिकवते, पण आमच्या भागात तिला कोणी मास्तरीण म्हणत नाही. गेली अकरा वर्षं मतदार यादीचं काम तिच्या गळ्यात आहे, म्हणून ती यादीबाई. शाळा सुटली की पिशवीत अर्ज कोंबून ती लोकांचे उंबरठे झिजवते. कोण नवीन राहायला आलं, कोण सोडून गेलं, कोणाची मुलगी अठराची झाली, सगळं तिला तोंडपाठ.

तिचा एक नियम आहे. दार बंद दिसलं तर तीन वेळा जायचं, तेही वेगवेगळ्या वेळी. त्याआधी कोणाचं नाव कापायचं नाही. शेजाऱ्यांच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नाही. एका बाईने भांडणाच्या रागात शेजारच्या म्हाताऱ्याला खुशाल 'वारला' म्हणून सांगितलं होतं; तिसऱ्या फेरीला दार त्यानेच उघडलं. हा किस्सा ती अजून रंगवून सांगते.

गेल्या वर्षी बाबा, म्हणजे माझे वडील, पाय मोडल्यावर आमच्याकडे कायमचे राहायला आले. वय शहाऐंशी. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले आणि एकही मतदान चुकवलं नाही. नाव अजून जुन्या गावच्या यादीत. ते गाव आठ तासांवर, आणि बाबांना जिना उतरायलाच वीस मिनिटं लागतात. नाव इकडे आणायचं तर एक अर्ज, एक सही आणि पत्त्याचा एक कागद, बस.

"सूनबाई, माझं तेवढं बघ हं."

"तुमचं काय बाबा, घरचंच काम आहे."

घरचंच म्हणून ते मागे पडलं. कोरा अर्ज फ्रिजवर, गोळ्यांच्या डब्याखाली पडून होता. तो डबा मीही रोज उचलत होतो, तेव्हा मी काही फार शहाणा नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या भाडेकरूकडे तिसरी फेरी मारून, त्याची सही घेऊन, ती धावतपळत कचेरीत पोचली. सगळे अर्ज दिले. घरी येऊन बाबांना गोळी द्यायला डबा उचलला, तर खाली त्यांचा अर्ज तसाच कोरा.

तिने बाबांना सांगितलं नाही. मीही नाही. दोन महिने ते विचारत राहिले, "आलं का नाव?" आणि ती सांगत राहिली, "यादी छापायला गेलीय."

मतदानाच्या दिवशी ती शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून लोकांना यादीतली नावं शोधून देत होती. बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मी बरीच टाळाटाळ केली, शेवटी न्यावंच लागलं. त्यांनी खुर्ची नाकारली, अर्धा तास रांगेत उभे राहिले आणि टेबलावर ओळखपत्र ठेवलं. तिने यादी उघडलीच नाही.

"बाबा, तुमचं नाव नाही यात."

"तीन फेऱ्या मारल्या होत्यास?"

"आपल्या दारात एकदाही नाही गेले, बाबा."

मागे माणसं खोळंबली होती. बाबांनी ओळखपत्र खिशात घातलं, "चला, पुढचा," असं स्वतःच म्हणाले आणि बाजूला झाले. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन बाहेर गेली आणि बाहेरून आमचीच बेल वाजवली. मी उठत होतो, बाबांनी हातानेच थांबवलं. काठी टेकत जाऊन दार उघडलं.

"काय काम आहे?"

"मतदार यादीचं."

"आज घरी कोणी नाही. उद्या या."

त्यांनी दार लावून घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती दुपारची आली. बाबांनी चष्मा लावून अर्ज अक्षर न् अक्षर वाचला आणि सही केली. पुढची मोठी निवडणूक पाच वर्षांनी, हे तिघांनाही माहीत होतं.

"तेव्हा मी नाही सापडलो," कागद परत देत बाबा म्हणाले, "तर लगेच कापू नकोस. तीनदा येऊन बघ."

ती दारातच रडायला लागली.